छत्तिसावा दिवस

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातला निवासी उपचार ३५ दिवसांचा. छत्तिसाव्या दिवशी रुग्णमित्र, म्हणजे उपचार घेतलेला माणूस, घरी येतो. तो नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतला कामगार असेल, तर दोन-चार दिवसांत कार्बन नाक्यावरून पुन्हा पाळी गाठायची असते. नाक्यावर जुने सोबती उभे असतात, पगाराच्या संध्याकाळी बोलावणं येतं, सुपरवायझर सगळ्यांदेखत विचारतो, "काय, सुटली का?" ३५ दिवसांची कमाई टिकणार की वाहून जाणार, हे बरंचसं इथेच ठरतं. म्हणूनच व्यसनमुक्ती केंद्रांच्या अभ्यासभेटी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांपुरत्या ठेवून भागणार नाही. कारखान्यातल्या माणसांनीही तिथे जाऊन बसायला हवं.

मुक्तांगणचं मूळही असंच जाऊन बसण्यात आहे. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगरने, म्हणजे गर्दने, मुंबई-पुण्यातली तरुण पोरं गिळायला सुरुवात केली. लेखक अनिल अवचट त्या पोरांमध्ये हिंडले, त्यांच्या घरच्यांशी बोलले आणि त्यावर त्यांनी लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झालं. धुरा होती त्याच रुग्णालयात काम करणाऱ्या, अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता यांच्याकडे. १९९७ मध्ये त्या गेल्या. पुढे मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी ती जबाबदारी पेलली. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच इथे कार्यकर्ते होतात, ही रीत सुरुवातीपासूनची. आज इतर केंद्रांचे समुपदेशक आणि कर्मचारी शिकायला मुक्तांगणमध्ये येतात.

अभ्यासभेटीने काय घडू शकतं, याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. चार्ल्स डेडरिक या दारूतून सावरलेल्या माणसाने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात सिनानॉन ही वस्ती उभारली. डॉक्टरांच्या हुकमाशिवाय, एकमेकांच्या धाकात आणि आधारात व्यसनी माणसं तिथे राहत. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ डॅनियल कॅस्रिएल ती पाहायला गेले आणि पाहिलेलं सोबत घेऊन परतले. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर डेटॉप हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, ते याच ओळखीतून. व्यसनमुक्तीच्या निवासी समूहांची पद्धत तिथून जगभर पसरली.

पण सिनानॉनची गोष्ट इथे संपत नाही. डेडरिकच्या हाती सगळी सत्ता एकवटली आणि संस्थेचा पंथ झाला. १९७८ मध्ये संस्थेविरोधात खटला लढवणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत तिथल्या माणसांनी विषारी साप सोडला. १९९१ मध्ये सिनानॉन बंद पडलं. सुरुवातीच्या पाहुण्यांना दिसली ती शिस्त आणि सावरलेली माणसं. इथून निघून जायचं म्हटलं तर जाता येतं का, तक्रार कुणाकडे करायची, हे प्रश्न मागे पडले.

आपल्याकडेही हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाशी जोडलेल्या मनोविकारांनाही आपल्या कक्षेत घेतलं, उपचार संस्थांना नोंदणी बंधनकारक केली आणि माणसाला साखळदंडाने बांधण्यावर सरसकट बंदी घातली. तेव्हा भेटीला गेल्यावर आधी नोंदणीचं प्रमाणपत्र पाहावं. डॉक्टर किती वेळा येतात, रुग्णाला घरी फोन करता येतो का, हे विचारावं. मगच प्रार्थना आणि योगासनांचं कौतुक करावं.

केंद्रात शिकण्याजोगी पहिली जागा म्हणजे विड्रॉवलचा वॉर्ड. रोज पिणाऱ्याची दारू तुटली की काही तासांतच हात कापू लागतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला तरी बशीत सांडतो. घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. म्हणून औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावं लागतं. हे एकदा जवळून पाहिलेला सुपरवायझर सोमवारी सकाळी लेथवर थरथरणारा हात पाहून कामगाराला शिव्या घालून हाकलणार नाही. त्याला मशीनवरून बाजूला घेईल आणि त्र्यंबक रोडवरच्या कामगार विमा रुग्णालयात पाठवेल.

दुसरी जागा गटाची. गोल मांडलेल्या खुर्च्यांत एकेक जण आपलं सांगतो. उपदेश कुणी करत नाही. पाहुण्याने तिथे वही मिटून बसावं, फोटो काढू नयेत, ऐकलेली नावं बाहेर नेऊ नयेत. मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गटही आहे. घराने काय सोसलं, ते तिथे कळतं. इंग्लंडमध्ये तर उपचार क्षेत्रातल्या व्यावसायिकांसाठी तीन दिवसांची निवासी शिबिरं होतात: तेच स्वयंपाक करतात, भांडी घासतात, बैठकीत एकमेकांना जाब देतात. समूहात राहणं म्हणजे काय, हे अंगावर घेऊन शिकायचं, एवढाच हेतू.

सातपूरला याची गरज का, हे आकडे सांगतात. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज होती. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसले तरी उपचार मिळाले होते. दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांमागे एक. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं होतं. सातपुरात मोठ्या कंपन्यांच्या आसपास असंख्य लहान युनिटं आहेत आणि त्यांत कंत्राटी कामगार. त्यांच्यासाठी असा अधिकारी कुठला? खाडे वाढले की तिथे नाव कटतं, आणि नोकरी गेली की बरं होण्याचं एक मोठं कारणही जातं.

म्हणून सुचवावंसं वाटतं ते इतकंच. निमा ही उद्योजकांची संघटना सातपुरातच आहे. तिने, कामगार संघटनांनी आणि शहरातल्या समाजकार्य महाविद्यालयांनी मिळून दरवर्षी लहान युनिटांचे सुपरवायझर, ठेकेदार, परिचारिका यांची एक तुकडी येरवड्याला किंवा फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनच्या केंद्रात पाठवावी. भेट अर्ध्या दिवसाची नको, मुक्कामाची हवी. परतल्यावर प्रत्येकाने तीन गोष्टींची हमी द्यावी: उपचाराला गेलेल्याची नोकरी राखली जाईल, फॉलोअपच्या दिवशी त्याला सुट्टी मिळेल, आणि पुन्हा घसरला तर त्याला आधी उपचाराला धाडलं जाईल. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या समूहाच्या खुल्या सभांना तर कुणीही जाऊन बसू शकतं. तिथून सुरुवात करायला मंजुरीही लागत नाही. घरात किंवा खात्यात कुणाला आजच मदत हवी असेल, तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांक आहे. तो कारखान्याच्या सूचना फलकावर लावून ठेवा.