लॅपटॉप ‘गेला’ म्हणण्याआधी

सबमिशन उद्या. बाहेर धो धो पाऊस, लाइट दोनदा जाऊन आलेली, आणि लॅपटॉपचं बटण दाबलं तर काहीच नाही. मग ग्रुपवर मेसेज पडतो, ‘लॅपटॉप गेला यार!’ त्यावर कुणाचं तरी उत्तर ठरलेलं, ‘फॉरमॅट मार.’

तेवढं सोडून बाकी काहीही करा. फॉरमॅटने मशीन कदाचित सुरू होईलही, पण त्यातला प्रोजेक्ट जाईल. आणि मशीनला झालंय काय, हे तर अजून कुणी बघितलंच नाहीये. ते नेमकं कुठे अडतंय, हे आधी शोधायचं.

लाइट नाही, पंख्याचा आवाज नाही? मग दुखणं बहुधा विजेचं. दुसरा सॉकेट, जमल्यास मित्राचा त्याच पिनचा आणि त्याच व्होल्टेजचा चार्जर लावून बघा. नाहीच झालं, तर चार्जर, माउस, पेन ड्राइव्ह सगळं काढा आणि पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून धरा. आत अडकलेला चार्ज निघून जातो. मग फक्त चार्जर लावून पंधरा मिनिटं थांबा. ऐकायला हा प्रकार मंत्र मारल्यासारखा वाटतो, पण दुकानातही सुरुवात इथूनच होते.

लाइट लागते, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी? मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. पुसट चित्र दिसलं तर मशीन जिवंत आहे, फक्त स्क्रीनमागचा उजेड गेलाय. एचडीएमआय केबलने घरच्या टीव्हीला जोडा आणि सबमिशन उरका. टीव्हीवरही काही नाही आणि बीप-बीप ऐकू येतंय? ते बीप मोजून ठेवा. बहुतेक कंपन्यांचे बीप ठरलेले असतात, रॅम सैल झाली तरी मशीन असंच ओरडतं.

कंपनीचा लोगो येतो आणि मग निळी स्क्रीन? इथेच लोक सगळ्यात जास्त घाबरतात, आणि इथेच वाचण्याची शक्यता बऱ्यापैकी असते. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले विंडोज कॉम्प्युटर अडकले. मायक्रोसॉफ्टचा अंदाज ८५ लाखांचा. मुंबई विमानतळावरही काही विमान कंपन्यांना चेक-इन हाताने करावं लागलं. त्या मशीनचा एकही पार्ट बिघडला नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवली की काम व्हायचं.

तुम्हीही निळ्या स्क्रीनवरच्या कोडचा आधी फोटो काढा. विंडोज दोन-तीनदा सुरू होता होता अडलं, की दुरुस्तीचा मेनू आपोआप येतो. त्यात स्टार्टअप रिपेअर, शेवटचं अपडेट काढणं आणि सेफ मोड, या क्रमाने जा. ‘रीसेट’ला हात लावू नका.

मध्येच ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ मागितली तर तो बिटलॉकर. क्राउडस्ट्राइकच्या वेळी आयटीवाल्यांनाही यानेच घाम फोडला होता. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते, मोबाइलवरून लॉग-इन करून मिळते. खरं तर आजच, लॅपटॉप धडधाकट असताना, ती वहीत लिहून ठेवा.

विंडोज काही केल्या उठत नसेल, तर मित्राच्या लॅपटॉपवर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये उबुंटू टाका. त्यावरून तुमचं मशीन सुरू करून ‘ट्राय’ निवडा, ‘इन्स्टॉल’ नाही. डिस्क शाबूत असेल तर फाइल्स दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढता येतात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करा.

आणि आपल्याकडचा पाऊस. केळवली-डोळवलीहून लोकलने येताना बॅग भिजली, तर लॅपटॉप ‘चालतोय का बघू’ म्हणून सुरू करायचा नाही. ओल्या सर्किटमधून वीज गेली की खरं नुकसान होतं. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका, कोंडा आत जातो. उलटा करून निथळू द्या आणि थेट दुकान गाठा. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर बॅटरी फुगलीय. दाबू नका, चार्जिंगलाही लावू नका.

दुकानात ‘डेटा हवाय, मला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नका’ हे पावतीवर लिहून घ्या. स्टेशनजवळच्या दुकानात जमलं नाही, तर कर्जतहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड आणि मग लॅमिंग्टन रोड. निघताना चार्जर बॅगेत टाका. दुकानदार पहिल्यांदा तोच मागतो.