झाडाखालची उघडी जमीन आणि लंगवर्ट

दाट सावलीच्या झाडाखाली हिरवळ टिकत नाही, हे ज्यांच्या शाळेच्या आवारात एखादा जुना आंबा किंवा वड आहे त्यांना सांगायला नको. हिरवळीच्या गवताला भरपूर ऊन लागते. ते न मिळाल्याने गवत विरळ होते, जमीन उघडी पडते आणि पावसाच्या थेंबांच्या माऱ्याने तिचा वरचा थर चोपून निघतो. युरोपातल्या बागांतही हीच अडचण येते. तिथे पानगळीच्या झाडांखाली काय लावावे, या प्रश्नाचे एक जुने आणि चांगले उत्तर म्हणजे लंगवर्ट.

लंगवर्टचे शास्त्रीय नाव पल्मोनेरिया ऑफिसिनॅलिस. आपल्याकडे पडीक जागी वाढणारी भुरुंडी ज्या कुळातली, त्याच कुळातली ही वनस्पती. उंची जेमतेम २० ते ३० सेंटीमीटर, पाने खरखरीत व केसाळ, आणि त्या पानांवर पांढुरके ठिपके. या ठिपक्यांमुळेच तिला हे नाव मिळाले. लॅटिनमध्ये 'पल्मो' म्हणजे फुप्फुस आणि 'वर्ट' हा वनस्पतीसाठीचा जुना इंग्रजी शब्द. प्रत्येक वनस्पतीवर तिच्या औषधी उपयोगाची खूण कोरलेली असते, अशी समजूत युरोपात एके काळी होती. पॅरासेल्सस (१४९३–१५४१) हा वैद्य तिचा मोठा पुरस्कर्ता. ठिपक्यांचे पान रोगट फुप्फुसासारखे दिसते, तेव्हा ते फुप्फुसाच्या रोगावर चालणार, असा हा सरळ हिशेब! लिनियसने १७५३ साली शास्त्रीय नाव देताना जुनेच नाव कायम ठेवले. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून तो खाल्ल्याने बुद्धी वाढते, असे सांगणारे आपल्याकडेही भेटतात. विचाराची जात एकच.

मग हे ठिपके असतात तरी काय? त्या जागी पांढरा रंग नसतो. पानाची वरची पातळ त्वचा आणि तिच्याखालचा हिरवा पेशीथर यांच्यामध्ये तिथे हवेच्या बारीक पोकळ्या असतात. हवा आणि पेशी यांच्या सीमेवर प्रकाश पुन्हा पुन्हा परावर्तित होतो आणि तो भाग पांढुरका दिसतो. साबणाचे पाणी पारदर्शक असते, पण त्याचा फेस पांढरा दिसतो, त्याचे कारणही हेच. म्हणजे फुप्फुसासारख्या दिसणाऱ्या ठिपक्यांत खरोखरच हवा भरलेली निघाली. अर्थात हा निव्वळ योगायोग आहे.

हे वर्गात पाहता येते. आपल्या रोपवाटिकांत 'अॅल्युमिनियम प्लांट' म्हणून मिळणाऱ्या पाइलियाच्या पानावर असेच चंदेरी पट्टे असतात. त्यांचा एक लहान तुकडा बिनसुईच्या सिरिंजमध्ये थोड्या पाण्यात बुडवा, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या मागे ओढून सोडा. असे काही वेळा केले की पानातली हवा बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाते व तिच्या जागी पाणी शिरते. चंदेरीपणा किती उरतो आणि खालचा हिरवा रंग कुठे दिसू लागतो, हे मुलांना नोंदवू द्या.

आता सावलीकडे वळू. 'सावलीत वाढणारी वनस्पती' असे आपण म्हणतो तेव्हा सावली वर्षभर एकसारखी असते असे गृहीत धरतो. युरोपातल्या पानगळीच्या झाडांखाली तसे नसते. हिवाळाभर बीच किंवा ओक निष्पर्ण असतो. मार्चमध्ये थंडी ओसरू लागते, जमिनीत बर्फाचे व पावसाचे भरपूर पाणी असते, आणि वर अजून पाने नसतात. मे महिन्यात झाडे पूर्ण पालवली की दाट बीचवनात जमिनीपर्यंत पोहोचणारा प्रकाश शेकडा पाच भागांहूनही कमी होतो. या दोन अवस्थांच्या मधले काही आठवडे हेच लंगवर्टचे भांडवल. जमिनीखालच्या खोडात साठवलेल्या अन्नाच्या जोरावर ते मार्चपासून फुलू लागते आणि मे महिन्यापर्यंत फुलोरा उरकते.

इथवरची गोष्ट वसंतात फुलणाऱ्या इतरही अनेक रानफुलांची आहे. पण त्यांतली बरीचशी फुले उन्हाळा लागताच जमिनीत गडप होतात व जागा पुन्हा उघडी पडते. लंगवर्टचे तसे नाही. फुले संपत आली की बुडातून नवीन पाने फुटतात. ही आधीच्या पानांपेक्षा मोठी असतात आणि कमी प्रकाशातही काम करतात. जमीन झाकण्याचे काम खरे म्हणजे ही दुसरी पालवी करते. बागवान ते फुलांसाठी विकत आणतो, पण उपयोग होतो तो पानांचा.

जमीन झाकल्याने तण कमी का होते? 'तणाला जागा उरत नाही' हे उत्तर अपुरे आहे. तणाच्या बारीक बियांमध्ये अन्नसाठा फार थोडा असतो, त्यामुळे चुकीच्या जागी उगवणे त्यांना परवडत नाही. अनेक बियांत फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य असते. हिरव्या पानांतून गाळून आलेल्या प्रकाशातला लाल भाग हरितद्रव्याने शोषून घेतलेला असतो, मात्र त्यापलीकडचा, डोळ्याला जेमतेम जाणवणारा गडद लाल प्रकाश खाली पोहोचतो. या दोहोंचे प्रमाण बदलले की फायटोक्रोमची अवस्था बदलते, आणि वर कोणाची तरी पाने आहेत हे जणू बीला कळते. ते उगवत नाही, वाट पाहते. तण मेले असे यातून समजू नये. पानांचे आच्छादन विरळ झाले की तेच बी उगवते.

म्हणून पहिल्या वर्षी, रोपे एकमेकांना भिडेपर्यंत, हाताने खुरपणी करावीच लागते. ३० सेंटीमीटर अंतरावर लावल्यास चौरस मीटरला सुमारे ११ रोपे बसतात. शरद ऋतूत जुन्या रोपाचा ठोंब उकरून, मुळे व डोळा असलेले तुकडे वेगळे करून लावणे हा सोपा मार्ग. जमिनीत कुजलेल्या पाल्याचे खत मिसळतात, कारण लंगवर्टला सावली चालते पण कोरडेपणा चालत नाही. बीचची मुळे वरच्या थरात पसरून ओलावा खाऊन टाकतात, त्यामुळे त्याच्या अगदी बुंध्याशी ही रोपे रडतखडत जगतात. माती कोरडी पडली की पानांवर भुरी येते. आपल्याकडे द्राक्षावर किंवा वाटाण्यावर येते तशाच स्वरूपाची. त्यावरचा उपाय साधा आहे: फुले संपताच जुनी पाने व दांडे बुडापासून कापून टाकायचे आणि पाणी द्यायचे. काही आठवड्यांत स्वच्छ पालवी येते.

आपोआपही ही रोपे पसरतात. बीला चिकटलेल्या स्निग्ध भागासाठी मुंग्या ते ओढून नेतात, तो भाग खातात व बी टाकून देतात. मात्र लंगवर्टच्या जातींमध्ये आपसांत संकर सहज होतो. बागेतल्या निवडक वाणाचे बी आईसारखेच निघेल याची खात्री नसते. वाण राखायचा तर ठोंबच विभागावा लागतो.

फुलांविषयी थोडे सांगायला हवे. कळी उमलते ती गुलाबी, आणि तेच फूल पुढे निळे होते. अँथोसायनिन हे रंगद्रव्य तेच राहते, पेशीरसाची आम्लता तेवढी कमी होते. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळल्यावर रंग गुलाबीकडे झुकतो, त्याच्या उलट दिशेने. जर्मनीत पल्मोनेरिया कोलिना या जातीचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. तीत नव्या, तांबूस फुलांत मध अधिक असतो आणि जवळ आलेल्या माश्या तीच निवडतात. मग निळी झालेली जुनी फुले गळून का पडत नाहीत? तर त्यांच्यामुळे झाड लांबून ठळक दिसते. म्हणजे दुकानाची पाटी निळी आणि माल तांबड्या खणात!

लंगवर्ट आपल्या सपाटीवर लावण्याच्या भानगडीत पडू नये. थंड, ओलसर वसंत त्याला इथे मिळणार नाही. आपल्या पानगळीच्या जंगलाचे वेळापत्रकच निराळे आहे. साग उन्हाळाभर उघडा असतो, जमिनीवर ऊन रणरणते, पण पाणी नसते. तिथल्या झुडपांखालच्या वनस्पती प्रकाशाची नव्हे, पावसाची वाट पाहतात. जूनच्या तोंडावर शेवळे वर येतात, आधी फुलोरा आणि मागाहून पान, पाठोपाठ रानहळद. युरोपातल्या झाडाखाली घाई असते ती पालवी मिटण्याआधी उजेड गाठण्याची, इथे असते ती ओल हाताशी आहे तोवर वाढून घेण्याची.

आवारातल्या एखाद्या झाडाखाली मेअखेरीस एकेक मीटरचे दोन चौरस आखा. एकातला पालापाचोळा झाडून काढा, दुसऱ्यातला तसाच राहू द्या. तोही बियांवरचा प्रकाश अडवतोच. जुलैअखेरीस दोन्हीकडे उगवलेली रोपे मुलांकडून मोजून घ्या, आणि मातीत काडी किती सहज जाते तेही पाहा.