पिकअपची कमान आणि मालाचा भार

आपल्या व्यापारात माल कोठून आला व कोणत्या भावाने आला, याची चर्चा नित्य होते. तो कशावर बसून आला, याची चर्चा क्वचितच होते. खानदेशातील धान्य व कडधान्य धुळे, साक्री, कोंडाईबारी घाट, नवापूर, सोनगढ, व्यारा, बारडोली या मार्गाने सुरतेस येते. हाच पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६ व आताचा ५३ होय. मोठा माल ट्रकने गोदामात उतरतो. परंतु गोदामापासून गोपीपुरा, महिधरपुरा यांसारख्या जुन्या वस्तीतील अरुंद गल्ल्यांत तो पोचविण्याचे काम पिकअपच करते, आणि लहान खरेदीचा माल तर थेट नवापूर-व्याऱ्याहूनही पिकअपनेच येतो. अशा वाहनाची मागील बाजू काही काळाने दबू लागते. मग कोणी तरी सुचवितो, “मागे दोन पाटे वाढवून घ्या.” हा सल्ला केव्हा योग्य व केव्हा घातक, हे सभासद बंधूंपुढे मांडणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आम्ही यंत्रशास्त्राचे पदवीधर नव्हे. तथापि चाळीस वर्षे माल भरणे व उतरविणे यांत गेल्यामुळे या विषयाची ओळख आम्हांस करून घ्यावी लागली.

कमानीचे कार्य

आपल्या पूर्वजांच्या बैलगाडीस कमान नव्हती. खड्ड्याचा प्रत्येक धक्का आसावर, मालावर व माणसावर सरळ बसे. पोलादी पाट्यांच्या जुडग्याची लंबवर्तुळाकार कमान घोडागाडीस जोडण्याचे पेटंट लंडनच्या ओबाडिया एलियट याने १८०४ मध्ये घेतले. मोटारीचे युग आले तरी मालवाहू वाहनाच्या मागील आसावर पाट्यांची कमानच बहुतेक ठिकाणी टिकून राहिली. कारण ती स्वस्त, दणकट व कोठेही दुरुस्त होण्याजोगी आहे.

सर्वांत वरचा लांब पाटा हा मुख्य पाटा. त्याचे एक टोक चासीस पक्के जोडलेले असते व दुसरे टोक शॅकलच्या योगाने किंचित पुढेमागे सरकते. त्याखाली उतरत्या लांबीचे पाटे असतात. सेंटर बोल्ट त्यांस एकत्र धरतो आणि यू-बोल्ट सर्व जुडगे आसाशी आवळून ठेवतात. भार पडला की पाटे वाकतात, भार उतरला की पूर्ववत होतात. कमानीचे काम धक्का सोसणे व वाहनाची उंची राखणे हे होय.

येथे एक हिशेब ध्यानात घ्यावा. सारख्या पाच पाट्यांत तसाच सहावा घातला, तर कमानीचा ताठपणा सुमारे २० टक्के वाढतो. परंतु पाट्याची जाडी वाढविली, तर ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ८ मिलिमीटरऐवजी ९ मिलिमीटर जाडीचे पाटे घेतले, तर तो सुमारे ४२ टक्के वाढेल. यास्तव “जरा जाड पाटे टाका” हे वाक्य वाटते तितके किरकोळ नाही.

पाटा वाढविल्याने काय वाढत नाही

कमान ताठ झाली म्हणजे वाहनाची भारक्षमता वाढली, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. भार केवळ कमान वाहत नाही. तिच्या खाली आस आहे, आसाच्या टोकांस बेअरिंगे आहेत, त्यापुढे चाके, टायर व ब्रेक आहेत, आणि वर चासी आहे. कारखानदाराने ठरविलेली एकूण वजनाची मर्यादा या सर्वांचा विचार करून ठरविलेली असते. साखळीतील एक कडी जाड केल्याने साखळी बळकट होत नाही. टायरचेच उदाहरण घ्या. टायरच्या कडेवर भारांक छापलेला असतो. १०० हा अंक असल्यास त्या टायरने योग्य हवेच्या दाबावर ८०० किलो व ११२ असल्यास ११२० किलो भार वाहावा, असा त्याचा अर्थ आहे. वर कितीही पाटे टाकले तरी हा अंक बदलत नाही.

सर्वांत गंभीर गोष्ट ब्रेकची आहे व ती फार थोड्यांस ठाऊक असते. अनेक पिकअपांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार कमीजास्त करणारा एक व्हॉल्व्ह चासीवर बसविलेला असतो व त्याची दांडी आसास जोडलेली असते. माल भरून चासी खाली बसली की दांडी हलते, आणि मागील चाकांच्या ब्रेकला अधिक दाब मिळतो. रिकाम्या गाडीत तो दाब कमी राहतो, जेणेकरून मागील चाके जाम होऊन गाडी घसरू नये. आता पाटे वाढवून कमान ताठ केली तर माल भरूनही चासी पुरेशी बसत नाही. व्हॉल्व्हला गाडी रिकामीच आहे असे वाटते व तो मागील ब्रेकला पुरेसा दाब देत नाही. भार सर्व मागे, आणि थांबविण्याचे काम मात्र पुढील चाकांवर! सपाट रस्त्यावर हा दोष लपतो; घाटात तो उघडा पडतो.

काही वर्षांपूर्वी भाड्याची एक पिकअप साक्रीकडून तुरीची पोती घेऊन आमच्या पेढीवर आली. आमची पोती बावीस होती. परंतु हौद्यात आणखी दोन पेढ्यांचा माल होता. हमालांनी मोजली तेव्हा पोती छत्तीस भरली. गाडीची मागील बाजू मात्र दोरी लावल्यासारखी सरळ, आणि पुढील चाकांतून जळका वास येत होता. चालक विशीतील मुलगा होता. तो म्हणाला, “शेठ, गाडी बसलेली दिसली की रस्त्यात थांबवतात, म्हणून मालकांनी पाटे टाकून घेतले. घाटात दोन वळणांवर पेडल पार खाली गेले होते.” उरलेली पोती आम्ही दुसऱ्या वाहनाने पुढे पाठविली. आमची खात्री झाली ती एवढीच की, दबलेली पाठ हा वाहनाचा प्रामाणिक काटा आहे. नुसते पाटे वाढविणे म्हणजे त्या काट्याची सुई धरून ठेवणे होय.

आपल्या गाडीत पोती किती?

हा हिशेब प्रत्येक दिवाणजीने करावा. आरसी बुकात भरलेल्या गाडीचे कमाल एकूण वजन व रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. समजा, ते अनुक्रमे ३००० व १७०० किलो आहे. वजाबाकी १३००. त्यातून चालक, मदतनीस, ताडपत्री व दोर यांचे १५० किलो वजा करावे, उरले ११५०. ताग-बारदानासह पन्नास किलोचे पोते साडेपन्नास किलोहून थोडे अधिक भरते. म्हणजे बावीस पोती. छत्तीस पोती भरल्यास एकूण वजन ३६७० किलोच्या आसपास जाते, म्हणजे मर्यादेहून सुमारे २२ टक्के अधिक. उतारावर ब्रेकला शोषावी लागणारी उष्णताही वजनाच्या प्रमाणातच वाढते.

रस्त्याची हानी तर त्याहूनही झपाट्याने वाढते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात प्रत्यक्ष ट्रक चालवून केलेल्या परीक्षणातून असे दिसून आले की, रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. आसावर २० टक्के अधिक भार म्हणजे रस्त्याची जवळजवळ दुप्पट झीज.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ याच्या कलम ११३ अन्वये नोंदलेल्या वजनापेक्षा अधिक भार नेण्यास मनाई आहे. कलम १९४ मध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून २०,००० रुपये दंड व प्रत्येक अधिक टनास आणखी २,००० रुपये अशी तरतूद आहे. शिवाय जादा माल उतरविल्याखेरीज वाहन पुढे जाऊ देत नाहीत. कलम ५२ अन्वये कारखानदाराच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये हेच कलम कसोशीने लागू केले. तेव्हा पाटे वाढविल्याने परवानगीचे वजन एक किलोनेही वाढत नाही, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीस हरकत घेण्यास जागा मिळते, ती निराळीच.

मग योग्य उपाय कोणता?

मर्यादेतील माल भरूनही गाडी दबत असेल, तर उपाय अवश्य करावा. कमान थकली असेल, पाट्यांचा मूळ बाक गेला असेल किंवा एखादा तडकला असेल, तर कारखानदाराच्या मूळ मापाचा नवा संच दोन्ही बाजूंस एकदम बसवावा. पाटा तापवून बाक देणे वा झाळणे टाळावे. त्याने पोलादाचे पाणी उतरते. यू-बोल्ट नवे घ्यावेत, ते योग्य जोराने आवळावेत व काही शे किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत. बुश, शॅकल व शॉक ॲब्सॉर्बर त्याच वेळी पाहून घ्यावेत.

कारखानदाराने मान्यता दिली असेल तर मदतनीस कमान बसविता येते. तिचे पाटे रिकाम्या गाडीत मोकळे राहतात व भार पडल्यावरच कामास लागतात. याच कारणाने ती सरसकट ताठ कमानीहून बरी. कारण अति ताठ कमानीची रिकामी गाडी पावसात मागून उडते व घसरते. हवेच्या पिशव्या वा रबरी ठोकळे यांचेही कार्य असेच मदतीचे आहे. पिशवीत दोन्ही बाजूंस हवा सारखी हवी. कोणताही बदल केला तरी वर सांगितलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह अधिकृत कार्यशाळेत नव्याने जुळवून घेतलाच पाहिजे. पुढील दिव्यांचा रोखही तपासावा.

मागे गाडा जोडणे

जनरेटर, कॉम्प्रेसर यांसारखा चाकांवरील गाडा पिकअपच्या मागे जोडण्याचा प्रसंग काही सभासदांस येतो. गाड्यास स्वतंत्र नोंदणी लागते व ओढण्याची मर्यादा कारखानदाराच्या पुस्तिकेत पाहावी लागते. एक टनाच्या गाड्याचा सुमारे दहावा भाग, म्हणजे १०० किलो, जोडकड्यावर टेकतो असे धरू. पिकअपच्या दोन आसांतील अंतर तीन मीटर व कडे मागील आसाच्या एक मीटर मागे असेल, तर तराजूच्या नियमाने मागील आसावर १०० नव्हे, सुमारे १३३ किलो भार पडतो व पुढील आस ३३ किलोने हलका होतो. पुढचे चाक हलके झाले की सुकाणू सैल वाटते व ब्रेकची पकड घटते. मागील कमान ताठ केल्याने गाडी सरळ दिसेल. परंतु गेलेला भार पुढच्या चाकांवर परत येत नाही. त्यासाठी गाड्यातील माल त्याच्या आसाच्या किंचित पुढे ठेवावा, वजन मर्यादेत ठेवावे व पिकअपच्या हौद्यातील माल तितक्या प्रमाणात कमी करावा.

अतिभारारोपण

आपल्या गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण हा एक आहे. तो बैल व सेवक यांना उद्देशून आहे. पिकअपला वेदना नाहीत, हे खरे. परंतु तिच्या चाकामागे बसलेल्या मुलास आहेत, आणि उतारावर समोरून दुचाकीवर येणाऱ्या कुटुंबासही आहेत. भाडे ठरविताना आपण “आणखी दहा पोती टाक” म्हणतो, तेव्हा वाचलेल्या भाड्याची जोखीम दुसऱ्याच्या खात्यावर पडते.

म्हणून सभासद बंधूंस आमची विनंती अशी की, प्रत्येक पेढीने आपल्या व भाड्याच्या पिकअपसाठी पोत्यांची संख्या काढून ती गोदामाच्या दारावर रंगवून घ्यावी, व शंका असेल त्या दिवशी वजनकाट्याची पावती घ्यावी. काम वाढले असेल तर अधिक क्षमतेचे वाहन घ्यावे किंवा दुसरी खेप करावी. दुसऱ्या खेपेचा खर्च वहीत मांडता येतो.