गोठ्याची बैठक

चाकण पट्ट्यात रिकामा गोठा दिसला की घरात कुणीतरी हिशेब मांडतोच: पाडा, खोल्या बांधा, कामगारांना भाड्याने द्या. आमच्याकडे तो धाकट्या भावाने मांडला. हिशेब चुकीचा नव्हता. पण ईदला पाहुणे आले की पुरुष ओट्यावर, बायका स्वयंपाकघरात आणि गुडघ्यांनी अधू दादी माडीवर एकट्या. शेवटी अम्मींनी निकाल दिला, "भाडेकरू कुठेही राहतील, दादींना खाली बसायला जागा कुठे आहे?" मागच्या परड्यात दोन खोल्या भाड्यासाठी, गोठा घरासाठी, असे ठरले.

जुन्या गोठ्याचे खरे दुखणे म्हणजे लोणा. जनावरांचे मूत पिढ्यानपिढ्या जमिनीत मुरते, त्याचे क्षार होतात आणि ओलीबरोबर भिंतीत चढतात. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा पूर्वी अशाच मातीतून काढत. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या फौजेने आपल्या चाकणच्या संग्रामदुर्गाचा बुरूज सुरुंगाने उडवला, त्या दारूतही सोरा होताच. (हे कळल्यापासून मुले गोठ्याकडे आदराने पाहतात.)

म्हणून पायाला धक्का न लावता आधी दीड फूट माती काढली, मुरूम भरला, वर शहाबादी फरशी. गवंडी म्हणाला, भिंतींना सिमेंटचा गिलावा करू. असे कुणी म्हटले तर ऐकू नका. दगडमातीची भिंत ओल घेते तशी बाहेरही सोडते. सिमेंटमध्ये ती कोंडते आणि गिलावा फुगून पडतो. आम्ही रद्दी कागदाचा लगदा भिंतीवर थापला, वाळला की काढला, असे तीनदा केले. तो वाळताना भिंतीतला बराच क्षार ओढून घेतो. मग दगडांच्या दर्जा चुना-सुरकीत भरल्या, वरून चुन्याचाच हात. ऑइलपेंट मुळीच नाही.

दगडी गव्हाण तशीच ठेवून वर सागवानी फळी टाकली. बसायला बाक झाला, खाली गाद्या मावतात. मधे पडदा आहे, तो ओढला की बायकांची बैठक वेगळी, सारला की एकच दस्तरखान. पश्चिमेचा कोपरा मुसल्ल्यासाठी मोकळा. दादींचा पलंग दाराशी आहे. येणारा त्यांना सलाम करूनच पुढे जातो. एप्रिलमध्ये पत्रा तापतो, ही धाकट्याची तक्रार खरी आहे. पुढच्या उन्हाळ्याआधी मंगलोरी कौले घालायची आहेत.