विजयदुर्गाचा हेलियम आणि रेडियमची नळी

विजयदुर्ग किल्ल्यात चढून गेलं की गाइड हमखास ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतो. हेलियम लॉकियरसाहेबानं इथूनच शोधला, असं सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण इथून दिसलं, हे खरं; पण नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते. त्या ग्रहणात भारतात ठिकठिकाणी निरीक्षकांना सूर्यज्वालांच्या वर्णपटात पिवळी रेषा दिसली, ती अनेकांना सोडियमचीच वाटली. ऑक्टोबरात ग्रहणाविनाच तिचं नेमकं स्थान मोजून लॉकियरनी ती वेगळी ठरवली. दंतकथेपेक्षा मला पुढची हकिगत जास्त रंजक वाटते.

१८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांना हेलियम पृथ्वीवर सापडला, तोही युरेनियमच्या खनिजात. तिथेच का? उत्तर द्यायला किरणोत्सर्ग ठाऊक हवा होता. बेकरेल यांना तो दिसला १८९६ मध्ये, क्युरी दांपत्याचं रेडियम आलं १८९८ मध्ये. १९०३ मध्ये रॅमसे आणि सॉडी यांनी काही मिलिग्रॅम रेडियम ब्रोमाइडमधून निघालेला वायू तपासला, आणि वर्णपटात हेलियमची तीच पिवळी रेषा! मूलद्रव्य अभंग असतं, या समजाला हा मोठाच धक्का होता.

हा हेलियम येतो कुठून, हे तपासायला रदरफर्ड आणि रॉइड्स यांनी रेडियमपासून निघणारा रेडॉन अतिशय पातळ काचनळीत कोंडला. वायू बाहेर येईना, अल्फा कण, म्हणजे युरेनियम-रेडियमसारख्या किरणोत्सर्गी द्रव्यांतून वेगानं सुटणारे भारित कण, मात्र काच भेदून बाहेरच्या नळीत साठले. काही दिवसांत तिथे हेलियम दिसला. अल्फा कण म्हणजे विद्युतभारित हेलियम अणूच, हे १९०९ मध्ये प्रसिद्ध झालं.