तडे रंगाला, काळजी पत्र्याची

बुटीबोरीच्या आजूबाजूला काळ्या जमिनीची शेतं आहेत. मे महिन्यात त्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल निघून गेली की माती आकसते आणि आकसता आकसता फाटते. जुन्या मोटारीच्या रंगाचंही बरंचसं असंच आहे. रंग नवा असतो तेव्हा तो थोडा लवचीक असतो. पत्रा दुपारी तापून फुगतो, रात्री निवून आकसतो आणि रंग त्याच्यासोबत ताणला जातो, सैलावतो. वर्षानुवर्षं ऊन खाऊन तो लवचीकपणा संपतो. मग पत्रा हलतो, रंग हलत नाही आणि तडा जातो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा पंचेचाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टपावर तर हात ठेववत नाही.

टवके उडतात ते वेगळ्या कारणानं. औद्योगिक वसाहतीमुळे वर्धा रोडवर ट्रकची रांग असते. त्यांच्या चाकांखालून उडालेली गिट्टी मागच्या गाडीच्या बॉनेटवर बसते. आपल्याच चाकानं उडवलेले खडे दाराच्या खालच्या भागाला लागतात.

माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनत असे. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती २०२३ पर्यंत दिसत होती. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. तळाचा पत्रा, दारांखालून जाणारा पोकळ भाग, खांब आणि टप मिळूनच तिचा सांगाडा होतो. आजच्या बहुतेक मोटारीही अशाच असतात. म्हणून तड्यातून पाणी शिरून पत्रा सडू लागला, तर प्रश्न दिसण्याचा राहत नाही, गाडीच्या ताकदीचा होतो.

गॅरेजमध्ये गेलं की पेंटरभाऊ हमखास म्हणतो, ‘‘वरून एक हात मारून देतो ना साहेब, चमकून जाईल.’’ चमकते, यात शंका नाही. पण तडा गेलेल्या रंगावर नवा रंग मारला की खालची भेग काही महिन्यांत वर येते. जुना थर हलतच असतो, नवा त्याच्यासोबत फाटतो. जिथवर तडे आहेत तिथवरचा रंग खरवडूनच काढावा लागतो.

खरवडण्याआधी नीट पाहावं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा टपावर आणि बॉनेटवर असतील, तर ते उन्हाचं आणि थरावर थर चढवल्याचं काम. एकच लांब तडा असेल, तर खाली जुनी पुट्टी, म्हणजे घरकामातली लांबी, जाड भरलेली असण्याची शक्यता फार. त्यासाठी लहानसं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवावं. जिथे ते धरत नाही तिथे खाली पुट्टीच पुट्टी. आणि रंगाला फोड आला असेल, तर गंज आतून वर येतो आहे असं समजावं. लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते, म्हणून तो रंगाला उचलतो. असा फोड टोकदार वस्तूनं उकरून पाहावा. भोक पडलं तर काम पेंटरचं नाही, आधी वेल्डिंगवाल्याचं.

मग प्रश्न येतो, गाडीवर रंग कोणता आहे? डिकीच्या आत, दिसणार नाही अशा जागी, थिनरमध्ये भिजवलेला कापूस घासावा. रंग विरघळून कापसाला लागला, तर तो एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा. जुने कारागीर त्याला ड्यूको म्हणतात. ड्यूको हे मुळात अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या रंगाचं नाव. १९२० च्या दशकात तो मोटारींवर आला आणि आठवडे खाणारं रंगकाम तासांवर आलं. कापूस कोरडा राहिला, तर रंग बहुधा हार्डनर घालून मारलेला, टू-के. रंगाला सुरकुत्या आल्या, तर सिंथेटिक इनॅमल, आणि त्यावर एनसी मारलात तर सगळाच रंग सुरकुतणार. ही दोन मिनिटांची परीक्षा फार थोडे गॅरेजवाले करतात.

छोट्या टवक्याचं काम घरी होतं. खाली प्रायमर शाबूत असेल, तर जागा धुवून, मेण-तेल पुसून बारीक ब्रशनं रंगाचे पातळ तीन-चार हात द्यावेत, प्रत्येक हात वाळू देऊन. पत्रा उघडा पडला असेल, तर गंज काढून प्रायमर आधी. मोठ्या जागेत कडेची पायरी घासून बोटाला लागणार नाही इतकी उतरती करावी. त्यासाठी आधी १८० चा पेपर, मग २२०, प्रायमरवर ४०० आणि रंगाआधी ६०० चा. पुट्टी मात्र पाण्यानं घासू नये. ती पाणी पिते, आणि वर रंग बसला की तेच पाणी पत्र्याला गंज लावतं.

याउलट जुना रंग कोरडा घासू नये. जुन्या पिवळ्या-लाल रंगांत आणि प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. ती धूळ घासणाऱ्या पोराच्या छातीत जाते, कपड्यांवरून घरी लेकरांपर्यंत जाते. ओलं घासावं, मास्क लावावा, धूळ फडक्यानं झटकू नये. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्यानं कायमचा दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अजिबात अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल, तर घरच्या अंगणात टू-के फवारूच नये. गॅरेजमध्ये देतानाही मी आधी फवारणाऱ्याच्या तोंडावर काय आहे ते पाहतो, दर नंतर विचारतो.

रंगकामाला आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. उन्हाळ्यात थिनर रंग पसरायच्या आतच उडून जातो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात एनसीवर पांढुरकी छटा येते. थंडीतही सकाळचं दव वाळल्यावर सुरुवात करावी आणि दुपारी उरकावं, कारण संध्याकाळी पारा उतरला की हार्डनर मंदावतो. रंगाची छटा जुळवताना नमुना डिकीच्या आतला देऊ नये, तो उन्हानं उतरलेला नसतो. शेजारचाच पत्रा पॉलिश करून त्यावरून जुळवावी. रंग पूर्णच बदलायचा असेल तर आधी आरटीओत विचारावं, कारण आरसी बुकात रंगाची नोंद असते. आणि नव्या रंगावर महिनाभर तरी मेण लावू नये. आतला थिनर अजून बाहेर पडत असतो.