रान तुटतं तेव्हा हवेत काय जातं?

गटांच्या बैठकीत आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: झाड तोडलं की सावली जाते हे दिसतं, पण त्याने साऱ्या जगाची हवा कशी तापते? आज तेवढंच समजून घेऊ.

झाडाची पानं हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू घेतात. त्यातला कार्बन खोडात, फांद्यांत, मुळांत साठतो. चुलीत उरणारा काळा कोळसा म्हणजे बहुतेक कार्बनच. सुक्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास कार्बन असतो. १००० किलो सुकं लाकूड धरा. त्यात कार्बन साधारण ५०० किलो. लाकूड जळताना हा कार्बन हवेतल्या ऑक्सिजनला जोडला जातो आणि सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखा राहून उष्णता अडवतो.

लाकडाची दाराची चौकट केली, तर कार्बन वर्षानुवर्षं चौकटीतच राहतो. जळणासाठी विकलं, तर तो लगेच हवेत जातो. मागे उरलेली डहाळी आणि मुळं कुजतात, तेव्हाही तोच वायू सुटतो, फक्त हळूहळू.

पण मोठा साठा डोळ्यांना दिसत नाही, तो मातीत असतो. भारतातल्या जंगलांत जेवढा कार्बन आहे, त्यातला निम्म्याहून जास्त मातीत आहे. वर्षानुवर्षं पातेरा पडतो, कुजतो, माती काळी होते. जेसीबीने बुंधे उपटले, उतार कापला, की त्या मातीला ऊन-वारा लागतो. मातीतले सूक्ष्म जीव तो कुजलेला पाला भराभर खाऊन संपवतात आणि कार्बन हवेत जातो. उरलेली माती पावसात व्हाळाला लागते.

जगभर माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण दहावा हिस्सा जंगलतोड आणि जमिनीचा वापर बदलल्यामुळे जातो.

मग चुलीसाठी आपण काटक्या वेचतो, त्याचं काय? वाळून पडलेली काटकी रानात कुजली असती तरी तिचा कार्बन हवेत गेलाच असता. आणि रान उभं असलं की नवी फांदी तो परत घेते. सबंध डोंगर उघडा केला, तर परत घेणारं कुणी उरत नाही.

“तोडून काजू लावला, म्हणजे झाडं आलीच की,” असंही म्हणतात. काजूही कार्बन घेतो. पण ऐन-किंजळीच्या जुन्या, दाट रानाएवढा साठा विरळ बागेत होत नाही. तोच काजू पडीक वरकस जमिनीत लावला, तर आहे त्यात भर पडते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक रान खाजगी मालकीचं आहे. म्हणून ते ठेवायचं की तोडायचं, हे घरातच ठरतं. मुलांची फी, आजारपण, घराची डागडुजी, पैशाची गरज खरीच असते. तरी ठेकेदाराला होकार देण्याआधी घरात आणि गटात चार प्रश्न विचारूया. सातबाऱ्यावर नाव असलेल्या बायांना विचारलं का? तोडीची सरकारी परवानगी आहे का? सगळं रान न देता थोडी मोठी झाडं देऊन भागेल का? बुंधे जागेवर राहतील का? बुंधा राहिला तर फुटवा येतो, माती धरून राहते.

सही करायची असेल, तर ती या उत्तरांनंतरच करूया.